वायव्येचा बुरूज

सुनीतीबाई : हा नको. पुढचा दाखवा.

वैजनाथ : मावशी, हा अजून नीट चालूपण नाही झाला. कंपनीचं नाव तरी येऊ द्या की त्याच्यावर.

सुनीतीबाई : नाव वाचायला मी आलेले नाही. आणि मावशी कुणाची? तुमच्या मातोश्रींची आणि माझी ओळख आहे का?

वैजनाथ : तसं नाही हो. आमच्या परळीकडं वयस्कर बाईमाणसाला...

सुनीतीबाई : ‘वयस्कर’ हे मावशीहून वाईट आहे. मावशीच चालू द्या. तुमचं नाव?

वैजनाथ : वैजनाथ. दुकान आपलंच आहे.

अस्मिता : अहो आई, जरा बसून घ्या ना. आल्यापासून नुसत्या फेऱ्या चालल्यात तुमच्या.

सुनीतीबाई : तू सारखी दाराकडे बघणं थांबव, मग मी बसते.

अस्मिता : गाडीकडे बघतेय. आज सम तारीख की विषम, ऐन वेळी आठवेना, लावून टाकली. चुकीच्या बाजूला असली तर उचलून नेतील.

वैजनाथ : काळजी करू नका मॅडम. बिबवेवाडीत आपल्या या गल्लीत टोइंगवाले येत नाहीत. म्हणजे, काल आले होते. पण रोज नाही येत.

सुनीतीबाई : झालं समाधान? रजा काढून सासूला घेऊन आलीस, तर आता निम्मं तरी लक्ष इथे असू दे.

अस्मिता : रजा कुठली, आई! ऑफिसची मीटिंग चालू आहे कानात. मी म्यूटवर आहे.

सुनीतीबाई : तू म्यूट असतेस, हे मला नव्यानेच कळतं आहे.

वैजनाथ : बरं, झाला चालू. हा बघा, चौतीस इंची. अल्ट्रावाइड, कर्व्ह्ड. साध्या मॉनिटरपेक्षा दोन्ही अंगांना...

सुनीतीबाई : मॉनिटर वर्गात असतो. मी मुख्याध्यापिका होते. जन्मभर मॉनिटर नेमले, विकत एकही घेतला नाही. याला पडदा म्हणा.

वैजनाथ : पडदा तर पडदा. दोन्ही अंगांना जास्तीचं मैदान दिसतं याच्यात. तुमचा नातू एकदम खूश होईल बघा.

सुनीतीबाई : नातवाचा काय संबंध?

वैजनाथ : त्याच्यासाठीच घेताय ना? गेमिंगचा पाहिजे म्हणालात.

सुनीतीबाई : माझ्यासाठी घेते आहे.

वैजनाथ : अस्सं. म्हणजे पत्त्यांचा वगैरे गेम. मग एवढा मोठा कशाला, मावशी? पत्ते तर मोबाइलवरपण...

सुनीतीबाई : अस्मिता, यांना तू सांग. मी सांगितलं तर आवाज चढेल.

अस्मिता : माझा मुलगा, अर्णव, जर्मनीत शिकतो. तो जायच्या आधी आईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. घरात बसून सगळ्यांना सळो की पळो करून... म्हणजे, कंटाळल्या होत्या. तेव्हा त्याने यांना एक गेम शिकवला. किल्ला असतो, चार कोपऱ्यांना चार बुरूज. चौघांनी एकेक सांभाळायचा, बाहेरून सैन्य येतं, त्याच्यावर तापलेलं तेल ओतायचं. दर रविवारी अर्णव तिकडून खेळतो, या इकडून.

वैजनाथ : काय सांगता! मावशी, तुम्ही किल्ला लढवता?

सुनीतीबाई : तोंड मिटा. माझ्याकडे वायव्येचा बुरूज आहे. नकाशात उत्तर वर असते. मग वायव्य कुठे?

वैजनाथ : वायव्य म्हणजे... वर. उजवीकडं?

सुनीतीबाई : ती ईशान्य. वायव्य वर डावीकडे. भूगोलाच्या तासाला कुठे असायचात तुम्ही?

वैजनाथ : खरं सांगू? शाळेच्या वायव्येला. तिकडं एक चिंच होती.

सुनीतीबाई : उत्तर चुकलं तरी माणूस खरं बोलतो. बरं आहे.

अस्मिता : अर्णवच्या सगळ्या टीमकडून पाठ करून घेतल्या आहेत यांनी दिशा. एक लुधियान्याचा मुलगा आहे, एक तिथलीच मुलगी आहे. ‘टॉप लेफ्ट’ म्हणायची बंदी आहे. ती मुलगी तिकडून ओरडते, “आजी, वायव्य! वायव्य!”

सुनीतीबाई : ‘वायफ्य’ म्हणते. पण जोडाक्षर सोडत नाही. इथली मुलं सोडतात.

वैजनाथ : मग अडचण काय झाली? ते कळलं तर कोणता द्यायचा ते मला कळेल.

सुनीतीबाई : अडचण अशी. बुरूज पडद्याच्या मधोमध असतो आणि माझी नजर त्याच्यावर. शत्रू येतो वायव्येकडून, कडेकडेने. कडेला असताना तो दिसतच नाही. दिसतो तेव्हा भिंतीला शिडी लागलेली असते. गेल्या वर्षी माझ्या बुरुजात चिटपाखरू शिरलं नव्हतं. हल्ली किल्ला पडला, की तो माझ्याच कोपऱ्यातून पडतो. तेव्हा मला रुंद पडदा हवा. शत्रू लांबून दिसला पाहिजे.

अस्मिता : पण आई, गेल्या वर्षीही घरचा पडदा तोच होता ना?

सुनीतीबाई : पडदे जुने होतात.

अस्मिता : आणि रविवारचं सांगा ना यांना. नाहीतर यांना वाटेल, आपण उगाच घाई करतोय.

सुनीतीबाई : ते दुकानात सांगायचं नसतं.

अस्मिता : मग मी सांगते. या रविवारी त्यांची स्पर्धा आहे, ऑनलाइन. अर्णव म्हणाला, “आजी, या वेळी तू नुसतं बघ. वायव्येला मी दुसऱ्या कुणाला तरी घेतो.”

वैजनाथ : प्रेमानंच म्हणाला असेल हो.

सुनीतीबाई : प्रेमानेच म्हणाला. पण प्रेमाने बाहेर काढलेला माणूससुद्धा बाहेरच उभा असतो, वैजनाथ. एरवी तो फोन करतो तेव्हा विचारतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, जिना उतरताना कठडा धरतेस का. रविवारचा तेवढा एक तास तो मला म्हणतो, “आजी, मागे हो! आजी, तेल ओत!” तो तास मी कुणाला देणार नाही. लावा तुमचा तो खेळ.

वैजनाथ : लावतो. आमच्याकडं हाच गेम टाकलेला आहे. घ्या, हा माउस.

सुनीतीबाई : याचा रिफ्रेश रेट किती?

वैजनाथ : अं... सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं.

सुनीतीबाई : आणि अर्णवच्या जुन्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड एवढा पडदा ओढेल?

वैजनाथ : सेटिंग जरा खाली आणलं तर ओढेल. मावशी, हेपण नातवानंच शिकवलं?

सुनीतीबाई : दुकानात येताना मी वाचून येते. ज्यांनी वाचलं नाही त्यांना तुम्ही काय काय विकलं आहे, ते मला विचारायचं नाही.

अस्मिता : हॅलो? हो सर, आहे मी. हो. संध्याकाळपर्यंत पाठवते... सॉरी, आई. बोला.

सुनीतीबाई : मी बोलत नाही आहे, लढते आहे. नदी छान दिसते. पूर्वेचा माळ दिसतो. पडदा वाकडा का केला आहे, ते आता कळलं. कडा आपल्याकडे येतात. रंगही बरे आहेत.

वैजनाथ : आले, मावशी. गडी आले.

सुनीतीबाई : कुठे?

वैजनाथ : ते काय. वायव्येला.

सुनीतीबाई : काही नाही तिथे.

वैजनाथ : आहेत की! मशाली घेतल्यात. झाडीतून निघाले. शिडी काढली... लावली बघा शिडी.

सुनीतीबाई : हां. आता दिसले. शिडी लावल्यावर कुणालाही दिसेल. या पडद्याची वरची डावी कड मंद आहे. पुढचा.

वैजनाथ : मंद? मंद कशी असेल? कालच खोक्यातून काढलाय.

सुनीतीबाई : खोक्यातून काढलेल्या गोष्टीही मंद असतात. पुढचा दाखवा.

वैजनाथ : बरं. हा बघा, सपाट. रुंदी तेवढीच, पण याचं पॅनल भारी आहे. बाजूनं बघितलं तरी रंग हलत नाही.

सुनीतीबाई : लावा. आणि अस्मिता, तू अशी डावीकडून पाय न वाजवता येत जाऊ नकोस. किती वेळा सांगायचं? घरातही तेच. स्वयंपाकघरातही तेच.

अस्मिता : मी आले नाही, आई. मघापासून इथेच उभी आहे.

सुनीतीबाई : मग उभी असल्याचं कळवत जा. वैजनाथ, तुमच्या घरी ताटाची डावी बाजू वाढतात?

वैजनाथ : डावी बाजू म्हणजे? चटणी-लोणचं?

सुनीतीबाई : चटणी, लोणचं, मीठ, लिंबू, कोशिंबीर. आमच्याकडे ही पद्धत आता बंद झाली आहे. उजवीकडे भाजी पडते, मधे भात पडतो. डावीकडे सूनबाईंना आठवण करून द्यावी लागते.

अस्मिता : आई...

सुनीतीबाई : तुझं कौतुक करत नाही, घाबरू नकोस. चालू झाला का?

वैजनाथ : झाला. घ्या. सुरुवातीपासून लावलाय.

सुनीतीबाई : याच्यात माउस हलवला की लगेच हलतं. चांगलं आहे. बुरूज मधे. तेल तापलं. आता येऊ देत... यायचे बंद झाले का?

वैजनाथ : मावशी, ते आलेत.

सुनीतीबाई : कुठून?

वैजनाथ : तिथूनच. वायव्येहून. खंदक ओलांडला की त्यांनी.

सुनीतीबाई : म्हणजे याचीही तीच कड गेलेली. दोन पडदे लावलेत आणि दोन्ही आजारी. तुम्ही माल पाहून भरता, की नुसता भरता?

वैजनाथ : आता मी काय बोलू? एक काम करतो. हा बघा. दुकानातला सगळ्यात मोठा, एकोणपन्नास इंची. याच्यावर तर सकाळीच खडकीहून एक गिऱ्हाईक येऊन अर्धा तास खेळून गेलं, एक शब्द तक्रार नाही.

सुनीतीबाई : आणि घेतला का त्याने?

वैजनाथ : नाही घेतला.

सुनीतीबाई : मग तक्रार कशाला करेल?

अस्मिता : आई, ऐका ना. आज राहू दे. घरी जाऊ या आपण.

सुनीतीबाई : का?

अस्मिता : असंच. गाडी आहे बाहेर. माझी मीटिंग आहे. आणि मोठ्या वस्तू एका दमात घेऊ नयेत.

सुनीतीबाई : तुला खोटं बोलता येत नाही. तुझा तेवढा एक गुण मी चारचौघांत सांगत असते. काय झालं?

अस्मिता : काही नाही.

सुनीतीबाई : मग उभी राहा. लावा हो तो तुमचा अगडबंब.

वैजनाथ : लावलाय. बसा अशा समोर. जवळून बघायची गरजच नाही याला.

सुनीतीबाई : केवढा हा! मुंजीच्या पंगतीचा पाट वाटतो... हं. बुरूज कुठे? सापडला. तेल... अरे! हे कुठून आले?

वैजनाथ : वायव्येहून. बराच वेळ येत होते, मावशी. मी मुद्दाम बोललो नाही.

सुनीतीबाई : हा सगळ्यात वाईट. एवढा मोठा केला आणि कोपऱ्यात दिवाच लावला नाही. तीन पडदे, तीन कंपन्या आणि तिघांना एकाच कोपऱ्यात एकच दोष. हे पटतं का तुम्हाला?

वैजनाथ : नाही पटत. केबल असेल कदाचित. एकच वापरतोय मी तिन्हींना.

सुनीतीबाई : बदला.

वैजनाथ : बदलली. ही नवी.

सुनीतीबाई : पुन्हा लावा... नाही. तसंच. संगणक बदला.

वैजनाथ : मावशी, तो आतला काढावा लागेल.

सुनीतीबाई : काढा. मी शास्त्राच्या प्रयोगाला मुलींना सांगत असे, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जागच्या जागी ठेवा. मग दोष कुठे आहे ते दोष स्वतःच सांगतो.

अस्मिता : आई, पुरे ना आता. त्यांना किती त्रास!

सुनीतीबाई : त्रास त्यांना नाही होत, तुला होतो आहे. मघापासून तुझा चेहरा बघते. काढा, वैजनाथ.

वैजनाथ : काढतो... जोडला. चालू केला. हा बघा, संगणकपण दुसरा.

सुनीतीबाई : हं... हं... नाही. शिडी. पुन्हा शिडीच.

वैजनाथ : मग मला नाही कळत. खरंच नाही कळत.

सुनीतीबाई : पडदे सुटले. केबल सुटली. संगणक सुटला. उरलं कोण?

वैजनाथ : कुणीच नाही.

सुनीतीबाई : उरलं आहे. तुम्हाला बोलायला संकोच वाटतो आणि हिला मघाशीच कळलं आहे. अस्मिता, बस या खुर्चीवर.

अस्मिता : मला खेळता येत नाही.

सुनीतीबाई : म्हणूनच बस. मधल्या बुरुजावर नजर ठेव. इकडेतिकडे बघायचं नाही. काय दिसेल ते सांग.

अस्मिता : नाही दिसत काही.

सुनीतीबाई : तुझा एकुलता एक गुण घालवू नकोस.

अस्मिता : ...आले. वर डावीकडे. झाडांमध्ये आहेत अजून. मशाली हलतायत.

सुनीतीबाई : झाडांमध्ये असतानाच दिसल्या?

अस्मिता : हो.

सुनीतीबाई : बुरुजावरून नजर न काढता?

अस्मिता : हो, आई.

सुनीतीबाई : ऊठ. वैजनाथ, खेळ बंद करा. पडदा कोरा पांढरा होतो का?

वैजनाथ : होतो की.

सुनीतीबाई : मधोमध एक ठिपका काढा. मी त्या ठिपक्याकडे बघणार. तुम्ही माउसचा तो बाण कडेकडून आत आणायचा, हळू. मला दिसला, की मी ‘हं’ म्हणेन. आधी उजवीकडून, खालून.

वैजनाथ : आणतोय.

सुनीतीबाई : हं.

वैजनाथ : लगेच दिसला की! आता उजवीकडून, वरून.

सुनीतीबाई : हं.

वैजनाथ : डावीकडून, खालून.

सुनीतीबाई : हं. जरा उशिरा, पण हं. आता वायव्य.

वैजनाथ : आणू?

सुनीतीबाई : आणा... सुरुवात करा.

वैजनाथ : मावशी...

सुनीतीबाई : सुरुवात करा म्हटलं ना! काय वाट बघताय?

वैजनाथ : केली मावशी. मघाच केली. ठिपक्याजवळ आलाय बाण.

(रस्त्यावर हॉर्न वाजत राहतात.)

सुनीतीबाई : हं.

अस्मिता : आई, पाणी आणू?

सुनीतीबाई : नको. माझे वडील शेवटची काही वर्षं एक वाक्य सारखं म्हणायचे. “हल्ली माणसं पाय न वाजवता येतात.” आम्हाला वाटे, म्हातारपणी माणूस संशयी होतो. त्यांना काचबिंदू होता. कडेकडेने जातं ते. दुखत नाही, खुपत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून माणूस आजूबाजूच्यांवर चिडतो. मी तुला आज काय म्हणाले?

अस्मिता : राहू दे ना.

सुनीतीबाई : पाय न वाजवता येऊ नकोस म्हणाले. तेच वाक्य, तोच सूर. माहेराहून चार तोळ्यांखेरीज मला काही मिळालं नाही, असं मी समजत होते.

वैजनाथ : मावशी, आजकाल लई चांगले डॉक्टर आहेत. घाबरू नका.

सुनीतीबाई : घाबरले आहे, हे उघड आहे. मला तुम्ही ते सांगायची गरज नाही. अस्मिता, डावी बाजू वाढत होतीस का तू?

अस्मिता : रोज.

सुनीतीबाई : मग मी विचारल्यावर काय करायचीस?

अस्मिता : पुन्हा वाढायची.

सुनीतीबाई : म्हणजे परवा मी म्हटलं, जेवण आहे की चटणीचं प्रदर्शन...

अस्मिता : हो. दोन्हीकडे होती. मी जरा उजवीकडे सरकवून वाढायला लागले होते.

सुनीतीबाई : आणि बोलली नाहीस.

अस्मिता : आधी वाटलं, तुमचं लक्ष नसतं. मग त्या दिवशी चौकटीला तुमचा खांदा आपटला आणि तुम्ही सुताराला शिव्या घातल्यात. तेव्हा शंका आली. पण कसं सांगणार? तुम्ही ऐकलं असतं?

सुनीतीबाई : नसतं. तू चटणी विसरतेस, हे ऐकायला मला जास्त आवडलं असतं.

अस्मिता : मी डॉक्टरांना फोन करते.

सुनीतीबाई : सोमवारी कर. रविवार होऊ दे आधी.

अस्मिता : नाही. आजच.

सुनीतीबाई : दोन-चार दिवसांनी काय होतं आहे? गेलेलं काही परत येत नाही. मला माहीत आहे, बाबांच्या वेळी सगळं पाहिलं आहे. राहिलेलं थेंबांवर राहतं, एवढंच.

अस्मिता : म्हणूनच आज. राहिलेलं आहे तोवर. हॅलो, सर? मी मीटिंग सोडतेय. घरी तातडीचं आहे. नाही, संध्याकाळीसुद्धा नाही जमणार. सॉरी... आई, उठा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सरळ जायचं. नंबर लागेल तोवर बसू तिथे.

सुनीतीबाई : मला हुकूम सोडतेस?

अस्मिता : हो.

सुनीतीबाई : म्यूट काढलास वाटतं.

अस्मिता : काढला. आणि तुम्ही चिडलात तरी आता घालणार नाही.

सुनीतीबाई : चिडले नाही. चिडायला माणूस ऐसपैस बसलेला लागतो. वैजनाथ, एक विचारते, खरं सांगा. पडदा जितका रुंद, तितकी त्याची कड माझ्या अंधारात जास्त. बरोबर?

वैजनाथ : दुकानदार म्हणून सांगू का...

सुनीतीबाई : शाळेच्या वायव्येला बसणारा म्हणून सांगा.

वैजनाथ : मग बरोबर आहे, मावशी. रुंद घेतला तर तुम्हाला तोटाच. घरचा आहे तोच ठेवा. जरा लांब बसत जा, म्हणजे तो डोळ्यांत मावेल. बाकी मला काही समजत नाही त्यातलं, डॉक्टरांना विचारा.

सुनीतीबाई : तुमचा धंदा मी मघापासून बुडवते आहे.

वैजनाथ : असू द्या. एवढे तीन पडदे तपासून मिळाले फुकटात. आता कुणी तक्रार केली, की म्हणतो, आमच्या मावशींनी बघितलेत.

अस्मिता : चला आई, हात द्या. इकडून. पायरी आहे.

सुनीतीबाई : थांब. पायरी दिसते मला, पायरी खाली आहे. अर्णवला कळवायला हवं.

अस्मिता : डॉक्टर काय म्हणतात ते कळल्यावर कळवू.

सुनीतीबाई : डोळ्यांचं नाही, रविवारचं. त्याला माणसं ठरवायची आहेत. माझ्या फोनवरून मेसेज लिही. अक्षरं दिसतात मला, पण तू पटकन लिहितेस.

अस्मिता : सांगा.

सुनीतीबाई : चिरंजीव अर्णव, अनेक आशीर्वाद.

अस्मिता : मेसेजमध्ये चिरंजीव?

सुनीतीबाई : लिही. ‘वायव्येचा बुरूज दुसऱ्या कुणाकडे द्यावा, हे तुझं म्हणणं योग्य आहे.’

अस्मिता : तो लगेच विचारेल, का म्हणून. तब्येत बरी नाही असं लिहू?

सुनीतीबाई : मुळीच नाही. मग रविवारचा तासही गोळ्यांचा होईल.

अस्मिता : मग कंटाळा आला असं लिहू?

सुनीतीबाई : त्याला वाटेल, आजी त्याला कंटाळली. नको... असं लिही. ‘मला वायव्य दिसत नाही.’

अस्मिता : नक्की?

सुनीतीबाई : लिही म्हटलं ना. ‘मला वायव्य दिसत नाही. बाकीच्या दिशा दिसतात. आग्नेयेला जो कोणी असेल त्याची आणि माझी अदलाबदल कर.’

वैजनाथ : आग्नेय म्हणजे खाली उजवीकडं.

सुनीतीबाई : शाबास.

अस्मिता : ‘...अदलाबदल कर.’ झालं. पुढे?

सुनीतीबाई : पुढे काही नाही.

अस्मिता : पाठवू?

सुनीतीबाई : पाठव... थांब. अदलाबदलीचं वाक्य आहे ना?

अस्मिता : आहे.

सुनीतीबाई : त्याच्या आधी ‘कृपया’ घाल.